उलट्या वाटेचा माणूस

इंग्लंडातल्या हेल्स गावच्या इवल्याशा चर्चमध्ये रोवेना पावसाला चुकवत शिरली आणि थेट एका ओल्याचिंब माणसावर आदळली.

"सॉरी!" दोघंही एकदमच म्हणाले. मग दोघंही हसले.

तो भिंतीवरचं जुनं चित्र बघत होता — झाडाखाली अंग चोरून बसलेला ससा, त्याच्यावर सुटलेली कुत्री. सातशे वर्षांत रंग विटले, सशाची भीती मात्र ताजीच.

"पायवाटेनं बाथला निघालात?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मी बाथहूनच येतोय. तुम्ही जे बघणार, ते मी बघून बसलोय."

"मग सांगू नका हं... मजा जाईल."

"सांगत नाही. दाखवतो. चला!"

त्याचं नाव गॅविन. संडरलंडला बस चालवायचा. त्याची बॅग सकाळीच गाडीनं पुढच्या मुक्कामी, ब्रॉडवेला गेलेली. पायी सुट्टीची हीच तर सोय — सामान पुढे, माणूस रमतगमत मागे. आणि हा बाबा बॅगेकडे पाठ फिरवून हिच्याबरोबर उलटा निघाला!

"अहो, तुमचे कपडे?"

"वर्षभर ठरल्या रस्त्यानं बस हाकतो. सुट्टीत तरी वळू द्या की मला!"

मठाच्या पडक्या कमानींपाशी पाऊस ओसरला. पाचशे वर्षांपूर्वी राजानं इथल्या साधूंना हाकललं, छपराचं शिसंसुद्धा ओरबाडून नेलं.

"चोरच मेला," रोवेना म्हणाली.

"छे! चोराला फाशी द्यायचे. याच्या डोक्यावर मुकुट होता."

ती इतकी मोकळी हसली की तिचं तिलाच नवल वाटलं. कुंपणाच्या लाकडी पायऱ्या ओलांडताना त्यानं हात दिला. पलीकडे उतरल्यावर तो सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही... की आलं होतं?

रात्री विंचकंबच्या मुक्कामी, पबात, मालकीणबाई मिसेस प्रॉसरनी त्याला नवऱ्याचा पायजमा दिला. घोट्याच्या वीतभर वर! तसाच तो खाली जेवायला आला.

"हस, हस," तो रोवेनाला म्हणाला. "तुझ्यापायी ही दशा."

सकाळी चहा ओतता ओतता तो थांबला.

"आज तू वळ. ब्रॉडवेला चल माझ्याबरोबर. टेकडीवरचा मनोरा बघू."

"तो मी परवाच पाहिला."

"माझ्याबरोबर नाही पाहिलास."

रोवेनाचे कान तापले. हो म्हणायचं होतं तिला. जीव तोडून म्हणायचं होतं. आणि तोंडातून निघालं काय —

"पण... बॅग गेली रे माझी. आत्ताच गाडी येऊन गेली. पुढची खोलीही ठरलीय. तिथल्या बाई वाट बघतील."

"माझीही गेली होती काल," तो हळूच म्हणाला.

बस्स. पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे इथे समोरच्याची मानगूट धरणं. आणि हिनं काय करावं? "छान झाली भेट," म्हणत हात पुढे केला! काल अर्धी वाट ज्याचा हात धरून चालली, त्याच्याशी हस्तांदोलन! याला म्हणे सभ्यपणा. कसला सभ्यपणा? भित्रेपणाला कडक इस्त्री केली की झाला सभ्यपणा. फोन नंबर तिनं मागितला नाही, आगाऊपणा दिसेल म्हणून. त्यानं दिला नाही, गळ्यात पडल्यासारखं होईल म्हणून. घ्या!

संध्याकाळी पुढच्या मुक्कामी बॅग पलंगाशी शहाण्यासारखी उभी होती. कोरडी. रोवेनानं चेन ओढली. दोन स्वेटर, मोजे, टूथपेस्ट. यासाठी?

तिनं विंचकंबला फोन लावला.

"कधीच गेला गं पोरी," मिसेस प्रॉसर म्हणाल्या. "ओल्या मोज्यांनीच गेला. ब्रॉडवेला कुठे उतरणार, ते मी विचारलं नाही. बरं दिसतं का असं विचारणं?"

काही दिवसांनी ती बाथला पोचली. तिथल्या मोठ्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर दगडी शिड्या कोरल्यात. देवदूत वर चढताहेत आणि एखादा डोकं खाली करून उतरतोय. रोवेना मान वर करून त्या उतरणाऱ्याकडेच बघत राहिली.

शेजारी एक म्हातारं जोडपं पाठीवरची ओझी उतरवत होतं.

"पोचलीस म्हणायची!" तिचे चिखलानं माखलेले बूट बघत म्हातारी कौतुकानं म्हणाली. "कशी झाली सहल?"

'सुरेख' हा शब्द ओठांवर आलाच होता. रोवेनानं तो गिळला.

"चुकीच्या दिशेनं चालले मी."

"अगं, पण बाथ हेच की!" म्हातारा गोंधळला.

"तेच तर," ती म्हणाली आणि भर चौकात, त्या अनोळखी माणसांसमोर, ढसाढसा रडली.