गरम झाली की रुसणारी गाडी

सिग्नल हिरवा झाला, मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न धरले, आणि पुढची जुनी निळी गाडी मात्र ढिम्म. मी स्पेअर पार्टची पिशवी घेऊन फूटपाथवरून चालले होते. गाडीची काच खाली होती. आतला तरुण स्टिअरिंगपुढे हात जोडून म्हणत होता, "म्हातारे, आज नको ना गं..."

मला हसू फुटलं. "हात जोडून नाही सुरू व्हायची ती. बॉनेट उघडा."

त्याने माझ्या ग्रीसने माखलेल्या बाह्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. "तुम्ही...?"

"ऑटो इलेक्ट्रिशियन. मागच्याच गल्लीत आमचं गॅरेज आहे."

त्याने सवयीने पुन्हा किल्ली फिरवली. गाडी झटक्यात सुरू झाली.

"बघा, तुम्हाला घाबरली!" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. जनावरांचा डॉक्टर होता. गोठ्यांवर फिरायचं काम, आणि ही गाडी आठवड्यातून दोनतीनदा दगा द्यायची. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली होती, सेल्फ नवा बसवला होता. दुखणं तिथंच.

मी तीस वेळा किल्ली फिरवली. तीसही वेळा म्हातारी गुणी लेकरासारखी सुरू झाली.

"नाद सोड," काका म्हणाले. गॅरेज त्यांचं, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. "विकून टाका म्हणावं."

तो हळूच म्हणाला, "मागच्या महिन्यात एका घोडीपाशी पोहोचायला उशीर झाला. शिंगरू गेलं."

मग मात्र माझा निश्चय झाला. "अंदाजाने एकही पार्ट बदलणार नाही," मी सांगितलं. "बंद पडली की वहीत लिहायचं. कधी, कुठे, किती वेळ थांबल्यावर."

आठवड्याने त्याने वही आणली. 'मंगळवार. तिसऱ्या गोठ्यानंतर, पंधरा मिनिटं थांबून. गाय बरी, गाडी आजारी.' 'गुरुवार. पुन्हा पंधरा मिनिटं. इलेक्ट्रिशियनबाईंची आठवण आली.'

"हे शेवटचं कशाला लिहिलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं लिहा..."

मी मान खाली घालून पानं उलटत राहिले. कान तापले होते. पण एक गोष्ट लक्षात आली — सकाळी थंड गाडी कधीच अडली नव्हती. गरम इंजिन, थोडा थांबा, आणि मग रुसवा. म्हणजे गॅरेजमध्ये ती खोड सापडणारच नव्हती.

"उद्यापासून मी तुमच्यासोबत येते. मीटर घेऊन."

"रोज?" त्याचा चेहरा असा उजळला की काकांनी उगीचच खोकल्याची उबळ आणली.

दोन दिवस काहीच झालं नाही. म्हणजे गाडीला. मला मात्र कळलं, की तो गायीच्या कानाशी काहीबाही बोलतो, आणि माझ्यासाठी दार उघडताना गोंधळून आधी स्वतःच आत शिरतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका गोठ्यात असताना निरोप आला. पलीकडच्या टेकडीवर गाय अडली होती, वासरू आडवं होतं. आम्ही धावत गाडीत बसलो. त्याने किल्ली फिरवली. टक्. बस, तेवढाच आवाज.

"अरे देवा... आत्ताच?"

"आत्ताच हवं होतं! कशालाही हात लावू नका!" मी बॉनेट उघडलं. दिवे लावून पाहिले; लख्ख. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनला. "फिरवा किल्ली!"

काटा शून्यापाशी राहायला हवा होता. थेट नऊ व्होल्टवर गेला.

"सापडली! अर्थिंगची केबल!" तिच्याऐवजी मी इंजिनपासून बॅटरीपर्यंत तात्पुरती जंपर केबल लावली. "मारा सेल्फ!"

म्हातारी गरजली.

वासरू वाचलं. ओलं, थरथरतं, पण चौथ्या प्रयत्नात उभं राहिलं. कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी तो माझ्याकडे वळला, काहीतरी म्हणणार होता... गोठ्याची मालकीण गरम पाणी घेऊन आली, आणि ते राहूनच गेलं.

संध्याकाळी मी ती केबल कापली. वरून धडधाकट, आत हिरवी भुकटी. तापली की उरल्यासुरल्या तारा साथ सोडायच्या. नवी केबल बसवली. तो "थँक्यू" म्हणाला आणि गेला.

बारा दिवस गेले. एकदाही फिरकला नाही.

तेराव्या दिवशी मी हात धुतले, काकांना सांगितलं, "येते जाऊन," आणि सरळ त्याचा दवाखाना गाठला. बाकावर मांजर घेतलेल्या एक आजी होत्या. तो दारातच दिसला.

"गाडी छान चालतेय," तो घाईने म्हणाला.

"माहितीये. मीच दुरुस्त केलीय. म्हणून यायचंच बंद?"

तो दारातून बाहेर आला. मग म्हणाला, "चारदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. गाडी चारही वेळा सुरू झाली. काय सांगून आत येणार होतो?"

"खरं ते सांगायचं."

"खरं... खरं म्हणजे गाडीसाठी मी फक्त पहिल्या दिवशी आलो होतो. नंतर तुझ्यासाठी." तो थबकला. "म्हणजे, तुमच्यासाठी."

"तुझ्यासाठीच राहू दे," मी म्हणाले. नजर हलू दिली नाही. "मलाही तू आवडतोस. झालं, सांगून टाकलं."

बाकावरच्या आजींनी मांजर मांडीवर नीट घेतलं. "आधी या पोरीचं बघा हो, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही घाई नाही."