नंबर नसलेला कॉल

“जरा उठता का? माझ्या जाळ्यावर बसलायत तुम्ही.”

चित्रा दचकून उभी राहिली. शहाऐंशीच्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ. दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीकाठी ती पहिल्यांदाच आली होती. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आठ तास “बोला... लाईनवर राहा...” करून कान भणभणत होते, आणि घरी आई स्थळांची यादी घेऊन बसलेली. या दोहोंच्या मधे कुठेतरी तिला तासभर गप्प बसायचं होतं.

“सॉरी हं, दिसलंच नाही...”

“जाळ्यात आलेलं आम्ही सहसा सोडत नाय,” तो म्हणाला, आणि स्वतःच इतका लाजला की मान वर करेना. “आता आलायतच, तर हे टोक धरा.”

हा जगन, काठावरच्या कोळीवाड्यातला. तिने टोक धरलं. तो फाटलेल्या जागी दोरा ओवत राहिला. भरतीचं पाणी चढत होतं. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं — कानातली भणभण थांबली होती.

मग ड्युटी सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे.

“तू मला काही विचारत कसा नाहीस रे?” एकदा तिने छेडलं.

“दिवसभर सगळे तुलाच विचारतात. म्हटलं, एका माणसाने तरी...” जाळ्यात अडकलेला तिचा पदर त्याने हलक्या हाताने सोडवला.

एका गुरुवारी ती म्हणाली, “रविवारी मला बघायला येणारेत. मुलगा ठाण्याचा आहे.”

जगनची गाठ चुकली. “बरं,” एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी तो काठावर नव्हता.

शनिवारी एक्स्चेंजमध्ये नुसता कल्लोळ. बोर्डभर दिवे लुकलुकत होते, सुपरवायझर ओरडत होत्या. तेवढ्यात विरारची ऑपरेटर हसत म्हणाली, “कल्याण, अर्नाळ्याहून एक माणूस आहे. नंबरच देत नाही. चित्रा द्या म्हणतो!”

खरखर... मग ओळखीचा आवाज. “मी जगन. आई इथे भावाकडे असते, तिला विचारायला आलेलो. ती हो बोलली. उद्या तुझ्या घरी येऊ? तू सांगशील तरच.”

घरात काय वादळ उठेल हे चित्राला ठाऊक होतं. बाबांचा संताप, आईचं रडणं... तरी तिने हेडफोन कानाशी आणखी घट्ट धरला. आजूबाजूला पंधरा जणी एकदम बोलत होत्या, आणि तिला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

“सकाळी ये,” ती म्हणाली. “त्यांच्या आधी.”

“नक्की?”

“नक्की.” विरारवाली ऐकत असणार. ऐकू दे! “आणि जगन... तुझ्या ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली नाहीत अजून. फोन ठेवू नकोस. बोलूही नकोस काही.”