वय संपल्याचा वाढदिवस

गुरुग्रामच्या त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये माझ्यामागोमाग एक उंच माणूस शिरला. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला भलामोठा कुकर, काखेत कापडी पिशवी. बटण दाबायला बोट मोकळं नव्हतं.

"कौन सा फ्लोर?" मी विचारलं.

"चौदह. थँक यू."

मलाही चौदाव्यावरच जायचं होतं. मी बटण दाबलं, लिफ्टने हिसका दिला, टॉवेल सरकला आणि—

"आई गं!"

जन्म दिल्लीत गेला तरी असं अचानक मराठी कानावर पडलं की मला अजून हसू फुटतं.

"फार भाजलं का?"

तो बोटावर फुंकर मारता मारता थांबला. "तुम्ही मराठी?"

"नाही, फक्त भाजलेल्यांशी मराठीत बोलते."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसायचा, दुसरा जरा उशिराने. हे माझ्या का लक्षात राहिलं, कोण जाणे.

"माझ्या मित्राकडे चाललोय, प्रफुल्लकडे. मानेसरला आम्ही एकाच कारखान्यात आहोत. त्याच्या बायकोच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, शनिवार-रविवार दोन दिवस. मला म्हणाला, तुझं सोलापुरी काळं मटण घेऊन ये." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण खरं सांगू, भीतीच वाटतेय. तीन शब्द काढायचे नाहीत अशी ताकीद आहे. परीक्षा, निकाल आणि वय."

"का बरं?"

"यूपीएससी देत होती ती. मंगळवारी मेन्सचा निकाल लागला, नंबर नाही. आज बत्तीस पूर्ण, म्हणजे आता बसायचं वयच संपलं. बिचारी..."

"बिचारीच," मी म्हणाले. "दिसायला कशी आहे?"

"पाहिलं नाही अजून. जाड चष्मा असेल, आणखी काय!"

मी माझा चष्मा नाकावर नीट बसवला. तो माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात दार उघडलं. समोर श्रावस्ती, तिचा नवरा प्रफुल्ल आणि कागदी टोप्या घातलेली सातआठ माणसं—

"हॅपी बर्थडे, रुचिरा!"

कुकर पडला नाही, हे नशीब.

त्या दुपारी सगळे माझ्याशी इतकं जपून वागत होते की मलाच त्यांची कीव आली. केकवर मेणबत्त्या नव्हत्या. आकडा नको म्हणून. कुणी बिअरचा ग्लास हातात दिला की खांद्यावर हलकंच थोपटून जायचं. बोलणं फिरून फिरून नोव्हेंबरच्या धुरक्यावर यायचं. श्रावस्ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने तर मला किचनमध्ये ओढून मिठीच मारली. "रड ना यार, रडून घे," म्हणाली. मला रडू येत नव्हतं. मी ग्लास घेऊन बाल्कनीत पळाले.

मागून तो आला. दोन ताटल्या घेऊन.

"मी सुधन्वा. चष्म्याबद्दल... सॉरी."

"चष्मा जाडच आहे. बसा."

ताटलीत काळाभोर रस्सा होता आणि पापडासारखी कडक भाकरी. मी तिचा तुकडा मोडायला गेले, तो टणकन उडाला.

"अशी नाही. कुस्करा."

"काय करू?"

"कुस्करणे... हा शब्द माहीत नाही?"

"दिल्लीची मराठी आहे हो माझी. गळकी."

त्याने माझ्या ताटलीतली भाकरी उचलली, दोन्ही तळव्यांत धरून चुरली आणि वरून रस्सा ओतला. पहिला घास घेतला आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आत श्रावस्ती कुजबुजली, "रडली... रडली बिचारी!"

आम्ही दोघं इतके हसलो, की मला ठसका लागला. त्याने पाणी आणून दिलं. पाणी पिताना, का कोण जाणे, मी त्याला ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मंगळवारी यादीत नंबर शोधला. दोनदा. नव्हता. मग मी झोपले... अकरा तास. सात वर्षांत अशी झोप लागली नव्हती. उठले तर इतकं हलकं वाटत होतं, की लाजच वाटली."

"लाज कसली?"

"सगळे सांत्वन करतायत आणि मला सुटल्यासारखं वाटतंय! मला कलेक्टर व्हायचंच नव्हतं बहुतेक. एका यूपीएससीच्या क्लासमध्ये मुलांचे निबंध तपासते मी, त्यांना समजावून सांगते... तेवढंच आवडतं मला."

"मग सांगा की सगळ्यांना."

"यांना सांगेन. पण बाबा?" मी फोन पुढे केला. सकाळीच बाबांचा मेसेज आला होता: 'एमपीएससीला अडतीसपर्यंत चालतं. अजून सहा वर्षं आहेत! उद्या श्रावस्तीकडे जेवायला येतो तेव्हा फॉर्म भरू.'

सुधन्वाने मेसेज वाचला. उपदेश केला नाही. म्हणाला, "उद्या भात मी लावतो. तुम्ही तेवढं बोला."

रात्री मी श्रावस्तीकडेच राहिले. रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा तो खरंच दारात होता, तांदळाची पिशवी घेऊन. श्रावस्तीने बोलावलं असणार, मी मनात म्हटलं.

बाराला नोएडाहून आई-बाबा आले. त्याआधी प्रफुल्लने बिअरच्या सगळ्या बाटल्या वॉशिंग मशीनमध्ये दडवल्या. बाबा दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेले. बसल्या बसल्या त्यांनी बॅगेतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. माझे फोटो, मार्कशीट्स, सगळं क्रमाने लावलेलं.

"बाबा, मी फॉर्म भरणार नाही."

किचनमध्ये कुकरची शिट्टी नेमकी तेव्हाच थांबली.

"म्हणजे या वर्षी नाही?"

"कधीच नाही. मी दमले, बाबा. आणि... नंबर आला नाही याचं मला वाईट वाटत नाहीये. मला शिकवायचंय. क्लासवाले पूर्ण वेळ या म्हणतायत."

बाबांनी फोल्डरचं बटण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. आई हळूच म्हणाली, "आता बोला की. रात्रभर मला सांगत होतात ना!"

"काय, बाबा?"

"अगं, मला वाटलं तुला थांबायचं नाहीये," बाबा म्हणाले. "तू खचू नयेस म्हणून हे सगळं शोधत बसलो. दर निकालाच्या दिवशी माझं बीपी वाढतं, बेटा. मलाही नको आहे आता हे." आणि त्यांनी असा मोठा श्वास सोडला, की आईच हसली. मग मला रडू आलं. अगदी खरं, भरपूर. बाबांनी खिशातला घडी घातलेला रुमाल दिला. फोल्डर त्यांनी सोफ्यावर बाजूला ठेवलं आणि विचारलं, "भाताचा वास छान येतोय. कोण करतंय?"

मोकळा, दाणा न् दाणा सुटा भात झाला होता. बाबांनी तीनदा वाढून घेतला आणि सुधन्वाला त्याच्या सोलापूरपासून मानेसरपर्यंत सगळं विचारलं. मी ताटाकडे बघत जेवत होते. कान मात्र तिकडेच होते.

संध्याकाळी आई-बाबा प्रफुल्लच्या गाडीतून पुढे गेले. मी म्हटलं, मी मेट्रोने येते. सुधन्वा म्हणाला, मला त्याच बाजूला जायचंय. तो राहायचा मानेसरला, अगदी उलट्या दिशेला. दोघांनीही तो विषय काढला नाही.

स्टेशनच्या जिन्यापाशी आम्ही थांबलो.

"बरं झालं, श्रावस्तीने तुम्हाला आजही बोलावलं," मी म्हणाले.

तो पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत राहिला. "तिने नव्हतं बोलावलं. मीच सकाळी फोन केला... म्हटलं, भात मी लावणार आहे. ती म्हणाली, आमच्याकडे बिर्याणी येतेय. मी म्हटलं, तरीही येतो."

"तांदूळ घेऊन?"

"काहीतरी निमित्त हवं ना." आता त्याने वर पाहिलं. "कालचं जेवण प्रफुल्लसाठी होतं. आजचं तुमच्यासाठी. मला... तुम्ही फार आवडलात, रुचिरा. दोनच दिवसांत असं म्हणू नये, कळतंय मला. पण—"

"पण काय?"

"पण तुमच्या बाबांनी श्वास सोडला ना, तेव्हा मीही सोडला. मला वाटलं होतं, ते फॉर्मवर अडून बसले तर तुम्ही पुन्हा सहा वर्षं खोलीत बंद."

वरून मेट्रो खडखडत गेली.

"'तुम्ही' नको म्हणूस," मी म्हणाले.

त्याचा एक गाल आधी हसला. "आवडलीस मला तू."

"तूही. कालपासून."

आणखी एक मेट्रो आली आणि गेली. मग आणखी एक. आम्ही जिन्यावरच बसलो होतो, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.