वरून रोझीला हाक आली

यातलं काहीही रचलेलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या.

पिस्कॅटवे, न्यू जर्सी. नोव्हेंबर २००४. गुरुवार, दुपारचे चार.

रवींद्र आणि सुमित्रा खालच्या मजल्यावर भाड्याने राहत. वर घरमालकीण, मिसेस पेनरोज. गोरी, नव्वदीची, एकटी. एका कॅरिबियन बेटावर तिच्या वडिलांचा उसाचा मळा होता. इंग्रजांचं राज्य गेलं, मळा गेला... तोरा तेवढा राहिला.

म्हातारी त्या मळ्यावरच्या गोष्टी रचायची. डोळे अधू. म्हणून रोज चारला घंटी वाजवायची आणि सुमित्रा वर जाऊन लिहून घ्यायची. गोष्टींतल्या सगळ्या काळ्यासावळ्या मोलकरणींचं नाव एकच.

रोझी.

सुमित्रालाही ती रोझीच म्हणे.

"तू का ऐकून घेतेस?" रवींद्रने एकदा विचारलं.

"माझ्या नावाला तिची जीभ वळत नाही म्हणे." सुमित्रा हसली. "अहो, तुमची तरी कुठे वळते? तीस वर्षं नुसतं अगं, अगं!"

ऑगस्टमध्ये म्हातारी गेली. ऑक्टोबरमध्ये सुमित्रा.

त्या गुरुवारी रवींद्र चहा करत होता.

वर घंटी वाजली.

वरच्या मजल्याला कुलूप होतं. किल्ली म्हातारीच्या पुतण्याकडे, फ्लोरिडात.

"रोझी!"

आणि मग... जिन्यावर पावलं.

उजवा पाय किंचित ओढत. गुडघा दुखायचा म्हणून सुमित्रा तशीच चढायची.

रवींद्रच्या हातातलं गाळणं पडलं. मेल्यावरही तिची सुटका नाही?

"अगं! नको जाऊस!"

पावलं थांबली नाहीत. चौथी पायरी... पाचवी...

"अगं, ऐक ना!"

वर कडी सरकली.

"सुमित्रा!"

पावलं थांबली.

मग हळूहळू खाली आली. स्वयंपाकघराच्या दाराशी खोबरेल तेलाचा वास आला... आणि गेला.

रवींद्र खाली बसून रडला. सुटली, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा घंटी वाजली.

तेव्हापासून तो रोज चारच्या आत ऑफिसमधून घरी येऊ लागला. जिन्याशी उभा राहून तिचं नाव घेऊ लागला. मित्र म्हणाले, "यार, घर बदल." पण तो गेला तर तिला हाक कोण मारणार?

फेब्रुवारीत त्याला ताप आला. घसा पार बसला.

चारला घंटी वाजली. त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

पावलं वर पोचली. दार उघडलं... लागलं.

त्यानंतर घंटी वाजलेली नाही.

पावलंही खाली आलेली नाहीत.

रवींद्र अजून रोज चारला जिन्याशी हाक मारतो. वरून फक्त कागदावर पेन चालल्याचा आवाज येतो.