तिरकी दोरी

ठण्ण! दुपारच्या सामसुमीत आमच्या गॅलरीतल्या घंगाळात एक कुलूप येऊन पडलं. कुलपाला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, समोरच्या चाळीत, एक ओशाळलेला चेहरा.

"कंदिलाची दोरी आहे हो... कठड्याला बांधता?"

तो शरदचंद्र. मी मालन, मॅट्रिकच्या भूमितीशी झगडणारी.

"पण अशी तिरकी का? सरळ समोर टाका की!"

"समोर तुमच्या शेजारच्या रमाबाई बसल्यात, त्यांच्या डोक्यात पडेल!" मग माझ्या हातातलं पुस्तक पाहून म्हणाला, "शिवाय सरळ बांधली की सगळे काटकोन. तिरकीत मजा आहे. दोन कठडे समांतर, दोरी छेदिका. तुमच्या कठड्याशी जो कोन, तोच इथं माझ्याशी. व्युत्क्रम कोन."

"तुम्ही तर एक मजला खाली!"

"असेना... समांतर आहोत ना?"

मी कोनमापक लावला, त्यानं त्याच्या टोकाचा आकडा ओरडून सांगितला. "सारखे नाहीत हं!"

"दोरी सैल असेल. ओढायला येतो."

दिवाळी सरली, तरी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील राहणारच. दोरी रोज सैल होई. तो रोज येई.

"कशी हो सैल होते?"

"वाऱ्यानं," मी म्हणे, नखाकडे बघत...

मग तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला, त्यांच्या तळमजल्यावरच्या भिवाबरोबर. फाउंटनवर गोळीबार झाल्याची बातमी आली. संध्याकाळी कुणी कंदील लावले नाहीत. सकाळीही समोरचं दार बंदच. मी गाठ मुठीत धरून उभी. दोरी मेल्यासारखी लोंबत होती...

आणि मुठीत ती ताठ झाली!

एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यानं ओढत होता.

"मालन," — पहिल्यांदाच नुसतं मालन — "सैल झाली होती गं."

मला रडू की हसू कळेना. "मग... येता ओढायला?"

"नाही. आता तुझ्या अप्पांना विचारायलाच येतो."

शेजारून रमाबाई ओरडल्या, "ये रे बाबा एकदाचा! त्या दोरीची तरी सुटका कर!"

भिवा मात्र आला नाही.

आता महाराष्ट्र झाला. मी ह्यांच्या कठड्याशी, समोर माझं माहेर. यंदाही दोरी तिरकीच. कडेवरच्या बेबीला मी ही गोष्ट सांगितली, तशी तिनं टाळ्या पिटल्या, "बाबा आले! बाबा आले!"

मग दोरीला हात लावून तिनं तळमजल्याकडे पाहिलं.

"आई... आपण ओढली, तर भिवाकाका येईल?"