हिरो चष्मा लावत नाही

मालिकेच्या शेवटच्या भागाच्या ऐन तोंडावर नायिकेचा घसा बसला आणि लेखिकेची पंचाईत झाली. नायिकेचे संवाद तिच्या आवाजात दोन दिवसांनी भरता आले असते, पण दृश्य किती सेकंदांचं होतंय हे आज दुपारीच कळायला हवं होतं. अशा वेळी ते कुणाच्या तरी आवाजात तात्पुरते बोलून घ्यायचे, ही त्यांची नेहमीची रीत. आणि संकलनाच्या खोलीत माणसं दोनच, लेखिका आणि संकलक.

संकलकाला सगळे कात्री म्हणत. तीन वर्षं त्याने तिचे विनोद डोळ्याची पापणीही न लवता कापले होते आणि तीन वर्षं ती त्यावरून त्याच्याशी भांडली होती. चार मित्रमैत्रिणींच्या त्या विनोदी मालिकेत शेवटी एकीने मनात लपवलेलं प्रेम कबूल करायचं होतं. हे सुचलं कुठून, असं सगळ्यांनी विचारलं. तिने "असंच" म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण आत्ता समोर बसून बिस्किट खात होतं. हा भाग पुरा झाला की मालिका संपणार, कात्री दुसऱ्या कंपनीत जाणार आणि भांडायला निमित्तसुद्धा उरणार नव्हतं.

"खोटं वाटतं हे दृश्य," कात्री म्हणाला. "रोज भेटणारी माणसं. तीन वर्षं गप्प कोण बसतं?"

"बसतात काही जण."

ती काचेपलीकडच्या छोट्या खोलीत गेली, हेडफोन चढवले, वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं, फार घाई झाली म्हणे. मग श्वास ऐकू आला, मग कागद वाजला, मग आणखी काहीबाही. सहाव्या टेकनंतर तिने वैतागून कागद बाजूला ठेवला. लिहिलेलं तिचंच तर होतं.

"मला तू आवडतोस," ती माइकला म्हणाली. "कधीपासून, ते विचारू नकोस. तू चष्मा कपाळावर सरकवतोस आणि मग टेबलभर शोधत बसतोस ना… मी मुद्दाम सांगत नाही. तेवढाच वेळ तुझ्याकडे बघत बसता येतं."

काचेपलीकडे कात्रीने समोरचा कागद वरपासून खालपर्यंत चाळला.

"हे पानावर नाहीये," कात्री म्हणाला.

"असेल. मीच लिहिलंय."

"आपला हिरो चष्मा लावत नाही."

तिला वाटलं, धरणीने आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं. तिने सगळा राग त्याच्यावरच काढला. "मग काप की. तुला कापायला काय लागतं?"

त्याने काही कापलं नाही. नुसता चष्मा काढून पुसत बसला… मग म्हणाला, "पहिलाच टेक बरोबर होता."

"काय?"

"सेकंदासकट. पुढचे… माझ्यासाठी घेतले."

लेखिका तरातरा बाहेर आली. तिला हसू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. "ऊठ," ती म्हणाली. "आता तू आत जा. बोल."

तो निमूटपणे आत गेला. तिने त्याच्या खुर्चीत बसून बटण दाबलं. दुसऱ्यांच्या वाक्यांमधली पाव सेकंदाची शांतताही खपवून न घेणारा हा माणूस माइकसमोर उभा राहिला आणि गप्प झाला. दहा सेकंद गेले, वीस गेले. मध्येच दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला, भाग किती मिनिटांचा झाला म्हणून. "अजून वाढतोय," असं सांगून तिने फोन ठेवला.

अडतिसाव्या सेकंदाला त्याला कंठ फुटला. "हे संपल्यावर… भांडायला कुठे भेटायचं?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने बोलायचं बटण दाबलं.

"माझ्या घरी. तीन वर्षं मी रोज तुझ्या नावाने खडे फोडतेय. आई म्हणते, एकदा घेऊन तरी ये त्याला."