यादी जोडण्याआधी

"प्रतापकाकांच्या भाच्याला सतरा इंटरव्ह्यू आले म्हणे. सतरा. बाकीच्यांनी काय मग वडे तळायचे?"

कुरकुर अगदी कानाशी होती. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळाची दिवाळी, शाळेच्या जिममध्ये जेवणाची रांग, आणि उर्वीच्या मागे रिकामी प्लेट धरून स्वतःशीच पुटपुटणारा एक उंच मुलगा.

"वड्यांनाही स्कोअर लागतो," ती मागे न वळता म्हणाली. "इथले बघ, कच्चे राहिलेत."

तो हसला. ईशान नाव. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होता, तीही. म्हणजे दोघं एकाच दुखण्याचे पेशंट: पुढची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातली शिकाऊ डॉक्टरकी, कुठे मिळणार, आणि मिळणार की नाही. त्याला मेडिसिन हवं होतं, नऊ इंटरव्ह्यू ठरले होते. तिला ऑर्थो, हाडांची सर्जरी. तिचे सहा.

"ऑर्थोला सहा म्हणजे…" तो थांबला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे… चटणी घे ना."

ईशानकडे एक एक्सेल शीट होतं. स्कोअर, इंटरव्ह्यू, सगळं घातलं की शक्यतेचे टक्के निघायचे. मित्रांचे तो आवडीने काढून द्यायचा. डिसेंबरभर दोघं कॉफीच्या नावाखाली भेटत राहिली. टेबलाखाली तिचा पाय सतत हलायचा. तो आपला बूट हळूच तिच्या बुटाला टेकवायचा, की थांबायचा. दोन मिनिटं. मग दोघांचेही हलायचे.

"माझे टक्के काढ ना."

"तुझे नको."

"का?"

"तुझ्याकडे बघताना आकडे चुकतात."

"फालतू." पण कान लाल झाले होते — थंडीने, असं तिने स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीत घरच्यांना कळलं, की दोन उमेदवारांना आपापल्या हॉस्पिटलांच्या पसंतीच्या याद्या एकमेकांशी जोडता येतात. एकेका गावाची जोडी लावायची; दोघांनाही मिळालं तर ठीक, एकालाच मिळत असेल तर ती जोडी बाद, पुढची बघायची. लग्न झालेलं असावं अशी अटही नाही. उर्वीच्या आईला, कांचनला, ही सोय इतकी आवडली, की पत्रिकांच्या आधी तिने याद्याच जुळवायला घेतल्या. ईशानच्या आईशी, मीनाक्षीकाकूंशी, रोज फोन. "जोडीने भरतायत पोरं," दोघी म्हणायच्या. कसली जोडी, हे कुणी विचारेना. पोरंही म्हणत होती, नव्या गावात कुणी ओळखीचं असलेलं बरं.

ओळखीचं म्हणे.

याद्या बुधवारी बंद होणार होत्या. रविवारी दुपारी तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये ईशानच्या गाडीत दोघं लॅपटॉप उघडून बसली. समोर क्विन्सिगमंड तळं गोठलेलं, काचेवर भुरभुर बर्फ. उर्वीने तिसऱ्यांदा सीटबेल्ट लावला… काढला.

"जोडायचं बटण कुठेय?"

"वर. उजवीकडे."

तिने बोट नेलं. त्याने खिडकी खाली केली, वर केली, परत खाली केली.

"ईशान, दहा दिवस असाच वागतोयस. नको असेल तर सांग ना. मी काही रडणार नाही." आवाज मात्र आधीच ओला झाला होता.

"तुझे टक्के काढलेत मी. कधीचेच."

"किती?"

"एकटीने भरलंस तर साठच्या आसपास. माझ्याबरोबर…" त्याने तिचं बोट अलगद उचलून मुठीत घेतलं. "पस्तीस. आपल्या याद्यांत दोनच गावं जुळतात."

वायपर एकदा फिरला.

"आणि बोलला नाहीस."

"नाही. आई खूश, कांचनमावशी खूश, सगळे म्हणतायत होईल, होईल… मलाही वाटलं होईल. आणि नाहीच लागलं तुझं ऑर्थो, तरी तू माझ्या गावात असशील, हेही वाटलं. वाईट आहे ते. कळतं मला."

तिने हात सोडवला नाही. "एवढं सगळं कशासाठी? ओळखीचं कुणी असावं म्हणून?"

"जोडू नकोस, उर्वी. तुझी यादी वेगळी भर, जिथे लागेल तिथे जा. मी येत जाईन — विमानाने, बसने, कसाही." मग तो तिच्याकडे वळला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याची नजर कुठेही पळाली नाही.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."